मोठी गाडी मागे घ्यायची तर आधी खाली उतर

भाऊ, तू विचारलंस ते थोडक्यात असं: सहा महिन्यांपूर्वी छोट्या गाडीवरून दहा टायरच्या ट्रकवर बसलास. पुढे चालवायला अडचण नाही, पण मागे घ्यायची म्हटली की हात थरथरतात. गेल्या आठवड्यात रात्री धरणगावच्या बाजूला एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) फाटकात गाडी मागे घेताना डावा मागचा कोपरा खांबाला लागला. मालक बोलले. आता कॅमेरा बसवावा, आरसे बदलावेत, की हे काम आपल्याला जमणारच नाही, असं तुझ्या मनात चाललंय.

मी ३१ वर्षं गाडी चालवली. त्यातली बरीचशी सरकी, कापसाच्या गाठी आणि केळीवर गेली. सध्या धुळ्यात नवीन पोरांना मोठ्या गाडीवर तयार करतो. म्हणून सांगतो, तुला जमत नाही असं मुळीच नाही. तुझ्याच बोलण्यात एक वाक्य आहे, ते पुन्हा ऐक (किन्नर म्हणजे गाडीवरचा मदतनीस, क्लीनर): "किन्नर झोपला होता, म्हणून आरशात बघत बघत घेतली." खांब तिथेच लागला. स्टिअरिंग तू नंतर फिरवलंस.

आधी हे समजून घे की आरसा तुला काय दाखवतो. तो गाडीच्या दोन्ही अंगांच्या बाजूची पट्टी दाखवतो, तेवढंच. बरोबर मागचं काहीच दाखवत नाही. छोट्या गाडीत मान वळवली की मागची काच असायची. इथे पाठीमागे हौदा आणि त्यावर ताडपत्री. किती जागा दिसत नाही हे कुणाच्या सांगण्यावर मानू नकोस, स्वतः मोज. गाडी मोकळ्या मैदानात उभी कर, इंजिन बंद कर, किन्नरला फाळक्याला, म्हणजे मागच्या झडपेला, पाठ लावून उभा कर आणि सरळ मागे चालायला सांग. तू केबिनमध्ये बसून दोन्ही आरशांत बघ. तो चालत राहील आणि तुला दिसणार नाही. किती पावलं टाकली ते त्याला मोजू दे. सरळ रेषेत चालला तर तो फार लांब जाईपर्यंत दिसणारच नाही. मग त्याला बाजूला सरकायला सांग आणि कुठल्या पावलाला तो आरशात उगवतो ते बघ. आता तू खाली उतर, त्याला केबिनमध्ये बसव आणि तू मागे उभा राहा. हा खेळ दोघांनी एकदा केला की किन्नर पुन्हा कधी फाळक्यामागे बेफिकीर उभा राहत नाही. मी नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. त्या दिवशी गिअरला हातसुद्धा लावू देत नाही.

मागचं दिसत नाही तसंच खालचंही दिसत नाही. मला हे रावेर-यावल पट्ट्यात कळलं. मे महिना होता, पारा ४४-४५ वर. केळीच्या बागेला लागून गाडी उभी होती, कटाईवाले घड आणून देत होते, आत पाला अंथरून भरणं चाललं होतं. भरून झालं, दोर आवळले, मुकादम म्हणाला, "घ्या मागे, दुसरी गाडी थांबलीये." मी दोन्ही आरसे बघितले. साफ. किन्नर मागे उभा राहून बांधाकडे बघत हाताने 'या' करत होता. रिव्हर्स टाकला आणि आठवलं की पाण्याची कॅन खालीच राहिली. गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, उतरलो. कॅन घ्यायला वाकलो तर मागच्या टायरच्या मागे, बॉडीच्या सावलीत, जुन्या लुगड्याच्या घडीवर एक पोरगी झोपलेली. दीड-दोन वर्षांची असेल. तिची आई घड वाहत होती. सगळ्या शिवारात त्या वेळी माझ्या गाडीखालीच तेवढी गार जागा होती, म्हणून तिने तिथे निजवली. तिचं काय चुकलं? मी कॅन विसरलो नसतो तर मी पाहिलंही नसतं आणि किन्नरनेही नसतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात उभ्या गाडीची सावली रिकामी राहत नाही. हमाल आडवे होतात, कुत्री शिरतात, पोरं खेळतात. म्हणून गाडी पाच मिनिटं जरी उभी राहिली असली तरी हलवण्याआधी पूर्ण फेरी मारायची. उजवीकडून निघायचं, मागून फिरून डावीकडून पुढे यायचं. दोन ठिकाणी वाकायचं: मागच्या टायरांपाशी आणि पुढच्या चाकाच्या डाव्या अंगाला. दहा टायर गाडीला मागचं लटकण, म्हणजे चाकांच्या मागे निघालेली बॉडी, मोठं असतं. नियमाने ते व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे साडेपाच मीटरचा व्हीलबेस असेल तर मागच्या दोन धुऱ्यांच्या मध्यापासून मागे सव्वातीन मीटरहून थोडी जास्त बॉडी नुसती हवेत असू शकते. एवढ्या सावलीत एक कुटुंब बसतं. फेरी मारून केबिनमध्ये बसलास की लगेच निघ. बसून फोनवर दोन मिनिटं बोललास तर ती फेरी वाया गेली, परत उतर.

फेरी मारताना फक्त माणसं बघायची नाहीत. वर बघ: वीजवाहिनीची लोंबती तार, झाडाची फांदी, शेडचा पत्रा. कापूस मोकळा भरला असेल तर गाडीचं पोट दोन्हीकडून बाहेर आलेलं असतं आणि तू फाटक मोजतोस ते लोखंडी बॉडीच्या मापाने. खाली बघ: गटाराचं झाकण, ओली माती, ठिबकची नळी, उघडी चारी. जिथे गाडी न्यायची आहे तिथपर्यंत पायी जा आणि तिथून उलट वळून आपल्या गाडीकडे बघ. तिथून जो खांब डोळ्यात भरतो तोच तुला केबिनमधून दिसणार नाही.

आता डाव्या-उजव्याचं. हे नीट समजलं तर तुझी निम्मी भीती जाईल. आपण बसतो उजवीकडे. उजव्या आरशातून, वेळ पडली तर खिडकीतून डोकं काढून, उजवं अंग मागच्या चाकापर्यंत स्वच्छ दिसतं. डावं अंग आठ-साडेआठ फूट लांब, तेही गोल, म्हणजे फुगीर काचेच्या आरशातून. गोल आरशात जागा जास्त दिसते, पण वस्तू लांब वाटते. खांब हातभर राहिला असेल तर तो तुला दीड-दोन हात दिसेल. शिवाय गाडी वळत मागे चालली की मागचा डावा कोपरा नेमका कुठे जातोय याचा अंदाज या आरशात नीट येत नाही. तुझा खांब नेमका याच कोपऱ्याला लागला. म्हणून शक्य असेल तेव्हा अशा बाजूने ये की फाटक तुझ्या उजव्या हाताला राहील. त्यासाठी पुढच्या चौकातून गाडी फिरवून आणावी लागली तरी आण. दहा मिनिटं आणि थोडं डिझेल जाईल. माझे उस्ताद म्हणायचे, "आंधळ्या बाजूने घेणं हा शेवटचा इलाज." ते गेले, पण त्यांचं हे बोलणं मी रोज एकाला तरी ऐकवतो.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे फाटक उजवीकडे ठेवायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांची बाजू अडवायची. गावातल्या रस्त्यावर दोन माणसं दोन्हीकडे उभी करून हे होतं. मोठ्या महामार्गावर हे करायचं नाही. मुंबई-आग्रा असो की सुरत-नागपूर, त्या रस्त्यावरून थेट मागे घेत कुठल्याही आवारात शिरायचं नाही. तोंडाने आत जा, आत फिरव, तोंडानेच बाहेर ये. आत फिरवायला जागा नसेल तर मालकाला आधी सांग, माल दुसरीकडे उतरवू दे. आणि धुळ्याच्या बायपासला वळण चुकलं म्हणून रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून (शोल्डरवरून) मागे येणारे जे आहेत, त्यांच्यासारखं एकदाही करू नकोस. पुढचा कट, म्हणजे वळायची जागा, १० किलोमीटरवर असेल तर १० किलोमीटर जा.

गाडी कुठून वळते हेही डोक्यात पक्कं बसव. छोट्या गाडीत ते कळत नाही, कारण सगळं जवळजवळ असतं. गाडीची बिजागरी मागच्या चाकांपाशी आहे. दहा टायरला दोन मागच्या धुऱ्यांच्या मधोमध. मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलंस तर शेपूट उजवीकडे जाते, पण तोंड डावीकडे झपाट्याने फेकलं जातं. आपण सगळे मागे बघत असतो आणि पुढचा डावा कोपरा समोरच्या टपरीला, उभ्या मोटरसायकलला, नाहीतर विजेच्या खांबाला जाऊन भिडतो. मागे घेतानाही दर दोन-तीन सेकंदांनी एक नजर पुढे टाकायची. उजवा आरसा, डावा आरसा, पुढे, परत उजवा. एकाच आरशात डोळा रुतून बसला की समज की काहीतरी चुकणार आहे.

आरसे बदलायची गरज नाही, लावायची गरज आहे. सीट तुझ्या उंचीला लावून झाल्यावरच आरसे लाव. सपाट आरशात गाडीचं अंग बोटभर दिसलं पाहिजे, बाकी सगळी बाहेरची जागा. आणि मागच्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग दिसलाच पाहिजे. बरेच ड्रायव्हर आरसा वर धरतात कारण हायवेवर लांबचं बघायचं असतं. आवारात शिरण्याआधी तो खाली कर. आरसा पुसायला जुना कागद आणि थोडं पाणी पुरतं. सैल झालेला आरसा इंजिनच्या थरथरीने हलतो आणि रात्री त्यात एकाचे दोन दिवे दिसतात. त्याचा बोल्ट आजच आवळ.

आता किन्नरचं. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण खांब लागला तर पत्रा ठोकून मिळतो. माझ्या ओळखीतल्या तीन गाड्यांचे किन्नर फाळका आणि भिंत यांच्यामध्ये चेंगरले. तिन्ही वेळी त्यांचा आपलाच ड्रायव्हर गाडी मागे घेत होता. एकजण वाचला, पाय गेला. दोघं गेले. त्यातला एक ड्रायव्हर त्यानंतर कधी स्टिअरिंगवर बसला नाही, आज गावात शेळ्या राखतो.

इशारा देणारा एकच माणूस असावा. आवारात गाडी मागे यायला लागली की मुकादम, वॉचमन, चहावाला, सगळे ओरडायला लागतात. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे!" एकजण डावीकडे काट म्हणतो, दुसरा सरळ म्हणतो. यातल्या कुणाचंही 'ये' ऐकायचं नाही. 'थांब' मात्र कुणाचंही ऐकायचं, रस्त्यावरच्या पोराचंसुद्धा. विनाकारण थांबलास तर काय झालं? अर्धा मिनिट गेला.

तुझ्या माणसाने कुठे उभं राहायचं ते आधी दोघांनी ठरवायचं. मागच्या उजव्या कोपऱ्यापासून आठ-दहा फूट बाजूला, म्हणजे तो तुला उजव्या आरशात पूर्ण दिसेल आणि त्याला तुझा चेहरा आरशात दिसेल. त्याला तुझा चेहरा दिसत नसेल तर तुलाही तो दिसत नाही, हे त्याला शिकव. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कधीही नाही. गाडीकडे बघत उलट्या पावलांनी चालत मागे जायचं नाही. कापसाच्या आवारात दोर, पट्ट्या, ताडपत्रीची टोकं पडलेली असतात, पाय अडकून माणूस पडला की तो तुझ्या आरशातून एका क्षणात नाहीसा होतो. डावी बाजू बघायची असेल तर आधी तुला थांबवून, मग फिरून जायचं, बघून परत आपल्या जागी यायचं, आणि मगच पुढचा इशारा. आणि तो आरशातून दिसेनासा झाला, मग कारण काहीही असो, ब्रेक दाबायचा. काच खाली करून हाक मारायची नाही, अंदाज बांधायचा नाही. आधी गाडी थांबली पाहिजे.

तोंडी इशाऱ्यावर चालू नकोस. जिनिंगच्या मशीनचा घरघराट, त्यात आपलं इंजिन; 'ये' आणि 'नये' यात फरक कळत नाही. हाताचे इशारे ठरव. दोन्ही हात स्वतःकडे ओढणं म्हणजे ये. एक हात बाजूला म्हणजे शेपूट त्या बाजूला. दोन्ही हातांमधलं अंतर म्हणजे उरलेली जागा, ती कमी करत आणायची. दोन्ही हात वर, तळवे उघडे, म्हणजे थांब. आवाजाचं ठरवायचं तर एसटीचं चांगलं आहे, ते सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे: एक घंटी थांब, दोन घंट्या चल. बॉडीवर एक थाप पडली की थांब. पण मी आणखी सोपं केलंय, मागे घेताना बॉडीवर कुठलाही आवाज झाला, एक असो की चार, थांबायचं आणि विचारायचं. केबिनमधलं गाणं बंद, दोन्ही काचा खाली, पंखा बंद. किन्नरच्या हातात फोन नको.

रात्री बॅटरी द्यायची, पण ती तुझ्या आरशात मारायची नाही. तुझे डोळे दिपले की पुढचे दहा सेकंद तुला काहीच दिसत नाही. त्याने बॅटरी जमिनीवर, ज्या खांबाला जपायचं त्या खांबाच्या बुडाशी धरायची. तो उजेड दिसतोय तोवर ये. उजेड गेला की थांब. त्याची बॅटरी संपली, तो पडला, कुणी मध्ये आलं, तिन्ही वेळी उजेड जातो आणि गाडी आपोआप थांबते. म्हणून मला ही पद्धत बाकी सगळ्यांपेक्षा भरवशाची वाटते.

आणि त्याला झोपेतून उठवायला लाजू नकोस. रात्रभर तूही जागा आहेस, तोही थकलाय, मला मान्य. पण त्याला उठव, तोंड धुवायला दोन मिनिटं दे, चहा पाज, मग मागे उभा कर. अर्धवट झोपेतला माणूस गाडीमागे उभा करणं हे माणूस नसण्यापेक्षा वाईट. एकटाच असलास आणि वॉचमन इशारा द्यायला तयार झाला, तर त्याला आधी वरचे इशारे करून दाखव. तो हसेल. हसू दे. कुणीच नसेल तर काही फूट घे, थांबव, हँडब्रेक ओढ, उतरून बघ, परत बस. फाटक पार करायला सहा वेळा उतरावं लागलं तर सहा वेळा उतर. मी आजही उतरतो.

वेगाचं गणित एकदा करून ठेव. ताशी ३ किलोमीटरने, म्हणजे सावकाश चालत्या माणसाच्या वेगाने गाडी मागे येतेय असं धर. 'थांब' दिसल्यापासून तुझा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद, एअर ब्रेकची हवा चाकापर्यंत पोचून पकड बसायला आणखी थोडा वेळ. दीड सेकंद धरला तर गाडी सव्वा मीटर सरकते. हाच वेग ताशी ६ असेल तर अडीच मीटर. सव्वा मीटरवर बाजूला सरकायला माणसाला वेळ मिळतो, अडीच मीटरवर मिळत नाही. म्हणून रिव्हर्समध्ये ॲक्सिलरेटरवर पाय नाही. क्लच पूर्ण सोडायचा, गाडी इंजिनच्या मंद फेऱ्यांवर आपली आपण सरकते. पाय ब्रेकवर तयार. अर्ध्या क्लचवर लोंबकळत राहिलास तर प्लेट जळते आणि चढावर गाडी अचानक सुटते. चढावर रेस द्यावीच लागणार असेल, तर माणूस मागून पूर्ण बाजूला काढल्याशिवाय देऊ नकोस. ब्रेकच्या हवेचा (एअरचा) काटा पूर्ण वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही हे तुला माहीत असेलच.

कॅमेरा बसव, मी नको म्हणत नाही. आरशात जे कधीच दिसणार नाही ते फाळक्यामागचं थोडं तरी त्यात दिसतं. पण आपल्याकडे त्याचं काय होतं ते सांगतो. जिनिंगच्या मोसमात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हवेत रुई उडत असते. ती काचेवर बसते, त्यावर दव, त्यावर धूळ. पडद्यावर धुरकट पांढरं दिसतं आणि माणूस ते मोकळं मैदान समजतो. हिवाळ्यात तापीकाठच्या गावांत पहाटे धुकं असतं तेव्हाही तसंच. संध्याकाळी ऊन थेट कॅमेऱ्यात आलं की पडदा पांढरा फट्ट. अंतर कॅमेऱ्यात चुकतं, बाजूचा खांब तर येतच नाही. तेव्हा फेरी मारताना बोटाला फडकं गुंडाळून कॅमेरा पुसायचा, रिव्हर्सचे दिवेही पुसायचे, आणि पडद्याकडे तेवढीच नजर टाकायची जेवढी एका आरशाकडे टाकतोस. रिव्हर्सच्या भोंग्यावरही विसंबू नकोस. आवारातल्या माणसांना तो दिवसभर ऐकून ऐकून ऐकू येईनासा होतो. धुकं इतकं असेल की तुझा माणूस दहा पावलांवर पुसट दिसतोय, तर गाडी उभी ठेव. नऊ-साडेनऊला उन्हं आली की धुकं उठतं.

केळीच्या बागांत एक वेगळी भीती आहे, विहिरीची. जुन्या विहिरी, काहींना कठडा नाही, काठावर गवत माजलेलं. पावसाळ्यानंतर काळ्या मातीचा काठ वरून घट्ट दिसतो, आतून पोकळ असतो. दहा टायर भरली की नियमाप्रमाणे २८ टनांच्या वर जाते. तो काठ हे ओझं पेलत नाही. शेतात मागे घेण्याआधी शेतकऱ्याला सरळ विचार, "भाऊ, विहीर कुठंय? चारी कुठंय?" काठापासून निदान गाडीच्या रुंदीएवढी जागा सोड, आणि जिथे थांबायचं तिथे केळीचं खोड किंवा दगड नव्हे, जाड लाकडी ओंडका आडवा टाक. खोड चाकाखाली चिरडतं आणि तुला कळतही नाही. ओंडक्याला चाक टेकलं की सीटवर कळतं.

ट्रेलरचं तू विचारलं नाहीस, पण कधी ना कधी बसशील. तिथे सगळं उलटं होतं. स्टिअरिंगला खालच्या बाजूने धर; शेपूट ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात ने. फिरवायचं अगदी थोडं, आणि वळायला लागली की लगेच परत घ्यायचं. घोडा (पुढचं ओढणारं इंजिन-केबिन) आणि ट्रेलर यांच्यातला कोन फार झाला की सुधारायचा प्रयत्न करू नकोस, पुढे घेऊन सरळ कर आणि पुन्हा सुरुवात कर. साध्या गाडीलाही हेच लागू. वाकडी आली की पुढे घ्यायची. बघे हसतात म्हणून वाकड्या गाडीलाच ओढत नेणारे मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्या गाड्यांचे कोपरेही पाहिले.

सरावासाठी तीन-चार सकाळी पुरतील. बाजार समितीचं आवार सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं, विचारून जागा घे. चुन्याच्या फक्कीने ३० मीटरची सरळ रेघ आख आणि उजवी मागची चाकं त्या रेघेवरून मागे ने. पहिल्यांदा गाडी नागमोडी जाईल, कारण तू स्टिअरिंग जास्त फिरवतोयस. रेघ जमली की दोन रिकामे पिंप १४ फुटांवर ठेव, ते तुझं फाटक. आधी उजवीकडून, मग डावीकडून. सगळं जमलं की संध्याकाळी दिवे लागणीला तेच पुन्हा. पिंपांवर बांबू बांध, म्हणजे ते आरशात दिसतील आणि लागले तर नुसते पडतील.

मालकांशी एकदा शांतपणे बोल. गाठीची गाडी रात्री दोनला फाटकात आणून 'लवकर लाव' म्हणायचं आणि किन्नरला पगार वाचवायला अर्ध्या फेऱ्यांना मागे ठेवायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. त्यांना पत्र्याचा खर्च सांग, तो त्यांना लगेच समजतो. माणसाचं तू स्वतः लक्षात ठेव. मागे घेताना माणूस गेला तर केस ड्रायव्हरवर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुकादम 'लवकर घ्या' म्हणाला होता, हे तिथे कुणी लिहून घेत नाही.

आता तुझं ते फाटक. तू १४ फूट म्हणालास आणि समोर २० फुटांचा रस्ता, पलीकडे विजेचा खांब. गाडी साडेआठ फूट, म्हणजे दोन्हीकडे मिळून साडेपाच फूट मोकळं. जागा कमी नाही. पुढच्या वेळी गावाच्या बाजूने न येता जिनिंग ओलांडून पुढे जा, गाडी फिरवून आण, म्हणजे फाटक उजवीकडे येईल. फाटकाच्या अलीकडे थांब, उतर, आत जाऊन उभं राहून बघ, आतला वजनकाटा आणि हमालांच्या खाटा कुठे आहेत ते बघ. रस्त्यावर दोन्हीकडे एकेक माणूस उभा कर, किन्नरला उजव्या खांबाच्या आत, बाजूला. मग रस्त्याच्या मधूनच, फाटकाच्या अंगाला धरून हळू पुढे जा, आणि केबिन फाटक ओलांडायला लागली की तोंड डावीकडे काढत ने, म्हणजे शेपूट आपोआप फाटकाकडे वळेल. पलीकडच्या विजेच्या खांबाला चार फूट राहिले की थांब. आता मागे घे, उजव्या मागच्या टायरला फाटकाच्या उजव्या खांबापासून दोन फुटांवरून ने. तो तुला खिडकीतून दिसतोय, त्यावरच गाडी सांभाळ. उजवीकडे दोन फूट धरलेस तर डावीकडे साडेतीन उरतात, आणि ज्या कोपऱ्याने मागच्या वेळी खांब घेतला त्याला जागा मिळते. टायर खांबाच्या रेषेत आला की थांब, उतर, डावीकडे जाऊन डोळ्यांनी बघ. बरोबर असेल तर स्टिअरिंग सरळ करत आत घे. तोंड समोरच्या खांबाकडे जातंय असं वाटलं तर पुढे घे, परत लाव. दोन-तीन वेळा पुढे-मागे करावी लागेल. त्या फाटकात मलाही लागले असते.